इंग्रजीतले जवळचे शब्द स्पॅनिशमध्ये नेताना: आधी मराठीत विचारा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत एक्स्पोर्टचं काम बघतात. ग्राहक मेक्सिको आणि स्पेनमधले. स्पॅनिशच्या बी-वन, म्हणजे मधल्या पातळीपर्यंतच्या परीक्षा झाल्यात, व्याकरण बऱ्यापैकी जमतं. अडतं ते 'सेफ्टी' आणि 'सिक्युरिटी', 'हार्ड' आणि 'टफ', 'बाय' आणि 'अंटिल' असल्या जोड्यांपाशी. डिक्शनरी कधी दोघांना मिळून एकच स्पॅनिश शब्द देते, तर कधी एकालाच पाच. मग त्यातला नेमका कुठला उचलायचा, हे तुम्ही कसं ठरवता? आणि अशा शब्दांची यादी कशी ठेवू?

माझं रोजचं काम हेच, इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये भाषांतराचं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांचे कागद, आणि अधूनमधून गूळवाले, चप्पलवाले. माझं उत्तर ऐकायला जरा उफराटं वाटेल: डिक्शनरी उघडायच्या आधी ते वाक्य मराठीत म्हणून बघा. भाषांतर करायला नव्हे, चौकशी करायला.

कारण आपल्या टेबलावर येणारं इंग्रजी बहुतेक वेळा मूळ नसतंच. शॉपमधला सुपरवायझर मराठीत बोलला, क्वालिटीच्या पोराने ते इंग्रजी रिपोर्टमध्ये घातलं, आणि ते इंग्रजी तुमच्याकडे आलं. म्हणजे तुम्ही स्पॅनिश करायला बसता तेव्हा एक भाषांतर आधीच झालेलं असतं, तेही घाईत. मराठीत दोन वेगळे शब्द होते, इंग्रजीत जाताना त्यांचा एकच झाला, आणि आता स्पॅनिशला पुन्हा दोन हवेत. हरवलेला फरक इंग्रजी शब्दाकडे कितीही टक लावून बघितलं तरी सापडणार नाही. तो जिथे होता तिथेच जाऊन विचारायला लागतं.

पुढे स्पॅनिश शब्द देवनागरीत, लॅटिन अमेरिकेतल्या उच्चाराच्या जवळपास लिहितोय. त्यांचे त आणि द आपल्यासारखेच दातांवरचे आहेत, त्यामुळे आपल्या तोंडाला ही भाषा इंग्रजीपेक्षा सोपी पडते.

सुरुवात गुळापासून करतो, कारण हा मुद्दा तिथे सगळ्यात उघडा दिसतो. एका निर्यातदाराच्या माहितीपत्रकात 'लिक्विड मोलॅसेस' असा शब्द होता, आणि खाली लिहिलं होतं की हे पोळीबरोबर, थालीपिठाबरोबर खातात. आता कोल्हापुरातलं शाळकरी पोरगं पण सांगेल की हे वर्णन काकवीचं आहे. मोलॅसेस म्हणजे मळी, साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर उरते ती. ती डिस्टिलरीत जाते, पशुखाद्यात जाते. काकवीतून काहीच काढलेलं नसतं, तो गूळ व्हायच्या आधीचा आटवलेला रसच असतो. इंग्रजीत माणसं दोन्हीला बिनधास्त मोलॅसेस म्हणतात. स्पॅनिशमध्ये मळी ती 'मेलासा', आणि काकवीच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द 'मिएल दे कान्या', शब्दशः उसाचा मध. स्पेनच्या दक्षिणेला मालागाच्या बाजूला तो आजही बनतो, आणि तळलेल्या वांग्यावर घालून खातात. माहितीपत्रकात 'मेलासा' गेलं असतं तर खाद्यपदार्थ घेणारा ग्राहक तिथेच थांबला असता. व्याकरण शंभर टक्के बरोबर, आणि माल भलताच.

आणि गूळ? 'जॅगरी' शब्दाला डिक्शनरीत 'पानेला' मिळेल. कोलंबिया, इक्वेडोरसाठी झकास. मेक्सिकोत मात्र गुळाला 'पिलोन्सियो' म्हणतात, आणि तिथे 'पानेला' म्हटलं की लोकांना आधी 'केसो पानेला' आठवतं, म्हणजे पांढरं ताजं चीज. पेरू, बोलिव्हियाकडे 'चान्काका', व्हेनेझुएलात 'पापेलोन', कोस्टारिकात 'तापा दे दुल्से'. ऊस पिकवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक देशाने आपापलं गुऱ्हाळ आणि आपापलं नाव ठेवलंय. इथे मराठी एवढंच सांगते की वस्तू गूळ आहे, ब्राऊन शुगर नव्हे. ब्राऊन शुगर म्हणजे 'आसुकार मोरेना', आणि तिला गुळाच्या जागी बसवलं तर 2014 साली कोल्हापूरच्या गुळाला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा त्या कागदावर काही उपयोग राहत नाही. कुठलं नाव वापरायचं ते देश ठरवतो. म्हणून प्रश्न दोन, आणि क्रमही हाच: मराठीत ही वस्तू कुठली? आणि वाचणारा कुठल्या देशातला?

आता तुमच्या फाउंड्रीकडे येतो.

'हार्ड', 'टफ' आणि 'स्ट्राँग' यांत सगळे गोंधळतात, आणि ज्यांनी मेटलर्जी शिकलीय तेही ईमेल लिहिताना गोंधळतात. मराठीत विचारा. टणक म्हणायचंय, चिवट म्हणायचंय की मजबूत? टणक म्हणजे ब्रिनेल टेस्टमध्ये गोळी कमी रुतते तो गुण: स्पॅनिशमध्ये 'दुरेसा'. चिवट म्हणजे घाव बसला तरी पटकन तुटत नाही, चार्पी इम्पॅक्ट टेस्ट ज्याची परीक्षा घेते तो: 'तेनासिदाद'. मजबूत म्हणजे ओढून तोडायला किती जोर लागतो: 'रेसिस्तेन्सिया'. आपले सुतार, लोहार, चांभार हे तीन शब्द कधी एकमेकांत मिसळत नाहीत. बाभळीचं लाकूड चिवट असतं असं म्हणणारा माणूस त्याला चुकून ठिसूळ म्हणणार नाही. इंग्रजीत मात्र 'व्हेरी टफ मटेरियल' असं लिहून आपण मोकळे होतो, आणि ते वाक्य लिहिणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा ब्रिनेलचा आकडा असतो. अशा वेळी शेजारचा आकडा बघा. एचबी (टणकपणा) लिहिलंय, ज्यूल (चिवटपणा) लिहिलंय की मेगापास्कल (मजबुती)? शब्दाने दगा दिला तरी युनिट देत नाही.

'रेसिस्तेन्सिया'चीही एक गंमत आहे. इंग्रजीतलं 'स्ट्रेंग्थ' आणि 'रेझिस्टन्स' दोन्ही त्याच्या पोटात येतात. त्यामुळे स्पॅनिशमध्ये हा शब्द एकटा सोडायचा नाही, पुढे 'कशाला' ते जोडायचं: गंजाला, झिजेला, ओढीला. ओढीसाठी स्पेनमध्ये 'आ ला त्राक्सिओन' म्हणतात, मेक्सिकोत बऱ्याचदा 'आ ला तेन्सिओन'. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर जे असेल ते उचला.

'श्रिंकेज'वर जरा जास्त थांबतो, कारण रिजेक्शन रिपोर्टमध्ये हाच शब्द सर्वात जास्त वेळा येतो. आपल्याकडे पॅटर्नवाला, म्हणजे साचा घ्यायचा नमुना बनवणारा, म्हणतो "श्रिंकेज धरलंय", म्हणजे धातू थंड होताना आकसणार म्हणून पॅटर्न तेवढा मोठा केलाय. आणि इन्स्पेक्शनवाला म्हणतो "श्रिंकेज आलंय", म्हणजे कास्टिंगच्या जाड भागात पोकळी सापडलीय. इंग्रजी शब्द एकच. मराठीत फरक क्रियापदात लपलाय: श्रिंकेज धरतात ते वेगळं आणि श्रिंकेज येतं ते वेगळं. स्पॅनिश याचे दोन उघड शब्द करते. आकसणं ते 'कोन्त्राक्सिओन', आणि आकसण्यामुळे पडलेली पोकळी म्हणजे दोष, तो 'रेचुपे'. समजा तुम्ही लिहिलं की अमुक नग 'कोन्त्राक्सिओन'मुळे नाकारले. समोरचा इंजिनिअर पॅटर्नची मापं मागवेल, डायमेन्शन रिपोर्ट मागवेल, आठवडाभर ईमेल फिरतील. 'रेचुपे' लिहिलं असतं तर त्याने पहिल्याच उत्तरात रायझर (आकसणाऱ्या नगाला वितळलेला धातू पुरवणारा जादा साठा), म्हणजे 'मासारोता', कुठे ठेवलाय आणि फीडिंग कसं आहे ते विचारलं असतं. ब्लो-होल हा आणखी वेगळा दोष, वायूचा: 'सोप्लादुरा'. ब्लो-होल आतून गुळगुळीत आणि श्रिंकेजची पोकळी खडबडीत असते. रिपोर्टमध्ये नुसतं 'होल' लिहिलं असेल तर उठा आणि नग बघून या. भाषांतरकाराने खुर्चीतून उठू नये असा काही नियम नाही.

उलटा प्रकारही आहे. 'फाउंड्री', 'कास्टिंग'ची प्रक्रिया आणि 'कास्ट आयर्न' या तिघांना स्पॅनिशमध्ये 'फुन्दिसिओन' चालतं. "आमची फाउंड्री ग्रे आयर्नची कास्टिंग पुरवते" हे वाक्य जसंच्या तसं केलं तर एका ओळीत तीनदा 'फुन्दिसिओन' येतं, आणि वाचणारा गरगरतो. मी कारखान्याला 'फुन्दिसिओन' ठेवतो, नगाला 'पिएसा' म्हणतो आणि धातूला मेक्सिकोसाठी 'इएर्रो ग्रिस', स्पेनसाठी 'फुन्दिसिओन ग्रिस'. एसजी आयर्नला (ज्यात ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असतं ते कास्ट आयर्न) मेक्सिकोत 'इएर्रो दुक्तिल' किंवा 'नोदुलार', स्पेनमध्ये 'फुन्दिसिओन नोदुलार'. आणि कोर, म्हणजे नगात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात तो गाभा? स्पेनच्या फाउंड्रीत त्याला 'माचो' म्हणतात, म्हणजे नर. मेक्सिकोत 'कोरासोन', म्हणजे काळीज. हे पहिल्यांदा ऐकल्यावर हसू येतं, पण सवय होते. आपण तरी 'फिमेल थ्रेड' म्हणताना कुठे लाजतो?

'सेफ्टी' आणि 'सिक्युरिटी'ला दोन्हीकडे 'सेगुरिदाद' मिळतं हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. इथे मराठीही फार मदत करत नाही, कारण आपण सुरक्षा आणि सुरक्षितता शब्द आलटून पालटून वापरतो. मग विचारायचं असं: धोका कोणाकडून? आपोआप घडणाऱ्या अपघाताकडून, की कोणी मुद्दाम करणाऱ्या माणसाकडून? पायावर वितळलेलं लोखंड सांडणं पहिल्यात. गेटवरून भंगार चोरीला जाणं दुसऱ्यात. उत्तर मिळालं की 'सेगुरिदाद'ला शेपूट जोडायचं. कामगारांच्या संदर्भात 'सेगुरिदाद लाबोराल' किंवा मेक्सिकोत 'इन्दुस्त्रियाल', गेटवरच्यासाठी सरळ 'बिखिलान्सिया', म्हणजे पहारा. मोठमोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीही हेच केलंय. नागरी विमान वाहतूक संघटनेच्या स्पॅनिश कागदांत विमानाची सेफ्टी म्हणजे 'सेगुरिदाद ओपेरासिओनाल', आणि अपहरण वगैरेंपासूनची सिक्युरिटी म्हणजे 'सेगुरिदाद दे ला आबिआसिओन'. अणुऊर्जा संस्थेत हीच जोडी 'तेक्नोलोखिका' आणि 'फिसिका' अशी झाली. म्हणजे स्पॅनिशला फरक कळत नाही असं नव्हे. ती तो एका शब्दात करत नाही, इतकंच.

खाण्याच्या मालाला हा हिशोब बदलतो. 'फूड सेफ्टी' म्हणजे अन्न खाऊन बाधा होऊ नये. 'फूड सिक्युरिटी' म्हणजे सगळ्यांना पुरेसं अन्न मिळावं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आणि अन्नाची मानकं ठरवणाऱ्या कोडेक्सच्या स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'इनोकुइदाद', दुसऱ्याला 'सेगुरिदाद आलिमेन्तारिया'. लॅटिन अमेरिकेत हे पाळलं जातं. स्पेनमध्ये मात्र फूड सेफ्टी बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या नावातच 'सेगुरिदाद आलिमेन्तारिया' आहे. तेव्हा गुळाचं सर्टिफिकेट मेक्सिकोला जाणार असेल तर 'इनोकुइदाद', माद्रिदला जाणार असेल तर 'सेगुरिदाद आलिमेन्तारिया'. एकच पीडीएफ दोन्हीकडे पाठवायचा मोह आवरा.

आता ज्या जोडीवर माझा सगळ्यात जास्त जीव जळतो ती: 'बाय फ्रायडे' आणि 'अंटिल फ्रायडे'. मराठी इथे सरळ फसवते. "शुक्रवारपर्यंत माल पाठवतो" आणि "शुक्रवारपर्यंत ही किंमत चालेल", दोन्हीत 'पर्यंत'. पहिल्यात काम शुक्रवारच्या आत एकदा उरकणार आहे, दुसऱ्यात स्थिती शुक्रवारपर्यंत चालू राहणार आहे. आपल्या डोक्यात 'पर्यंत'ला 'आस्ता' चिकटलेलं असतं, म्हणून दोन्हीकडे तेच पडतं. चालू राहणाऱ्या गोष्टीला 'आस्ता एल बिएर्नेस' बरोबर. उरकायच्या कामाला 'पारा एल बिएर्नेस' हवं.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. मेक्सिकोत, मध्य अमेरिकेत आणि कोलंबियातही बोलताना 'आस्ता' सुरुवात दाखवायला वापरतात. दुकान 'आब्रे आस्ता लास दिएस' म्हणजे दहापर्यंत उघडं, असं नाही. दहा वाजल्याशिवाय उघडत नाही, असं. स्पेनचा माणूसही तिथे गेल्यावर यात अडखळतो. आता तुम्ही मेक्सिकोच्या ग्राहकाला लिहिलं की 'एन्त्रेगामोस आस्ता एल बिएर्नेस'. तुम्हाला म्हणायचं होतं शुक्रवारच्या आत देतो. त्याने वाचलं, शुक्रवारशिवाय देत नाही. त्याची लाइन बुधवारी थांबणार असेल तर तो फोन उचलून दुसऱ्या सप्लायरला लावणार. म्हणून डिलिव्हरीच्या तारखेला मी 'आ मास तार्दार' वापरतो, "उशिरात उशिरा", आणि वाराशेजारी तारीख घालतो. हे तीन शब्द तिथून अर्जेंटिनापर्यंत सगळीकडे एकाच अर्थाने वाचले जातात.

'फॉर'बद्दलही तुम्ही विचारलंय. 'पोर' आणि 'पारा' यांच्यावर पुस्तकांत पानंच्या पानं भरलेली असतात. आपल्याला त्यातलं बरंचसं फुकटात मिळालंय. जिथे निव्वळ 'साठी' बसतं तिथे 'पारा': नगांसाठी खोकी, ग्राहकासाठी रिपोर्ट. जिथे 'मुळे', 'बद्दल', 'खातर', 'च्या मोबदल्यात', 'कडून' यातलं काही बसतं तिथे बहुतेक वेळा 'पोर'. नगांचे पैसे म्हणजे नगांबद्दल दिलेले पैसे, म्हणून 'पागो पोर लास पिएसास'. "तुझ्यासाठी आणलं" आणि "तुझ्याखातर केलं" यातला फरक कुठल्याही मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. 'आस्क'चंही तसंच. विचारणं ते 'प्रेगुन्तार', मागणं ते 'पेदिर', आणि ड्रॉइंगबद्दल विचारलं की ड्रॉइंग मागितलं हे आपल्याला झोपेतही कळतं. 'नो', म्हणजे माहीत असणं, याचा गुंता मोठा वाटतो, पण पोहायला येतं, पत्ता माहीत आहे हे 'साबेर', आणि माणूस ओळखीचा आहे, गाव बघितलंय हे 'कोनोसेर'.

जिथे मराठी एक आणि स्पॅनिश अनेक, तिथे सावध. आपल्या 'पाय' या एका शब्दात मांडीपासून बोटांपर्यंत सगळं येतं. त्यांचा 'पिएर्ना' म्हणजे घोट्याच्या वरचा, 'पिए' म्हणजे पाऊल, आणि जनावराचा किंवा टेबलाचा 'पाता'. कोपराही तसाच: खोलीच्या आतला 'रिन्कोन', रस्त्याच्या वळणावरचा किंवा टेबलाचा बाहेरचा 'एस्किना'. मिरजकर तिकटीवर उभे असाल तर 'एस्किना'.

चप्पल निर्यात करणाऱ्यांचे कागद तुमच्याकडे येत नसतील, पण आले तर सांगून ठेवतो. आपल्या इंग्रजीत चपलेला सर्रास 'स्लिपर' म्हणतात. डिक्शनरीत स्लिपरला 'पान्तुफ्ला', म्हणजे घरात घालायची मऊ सपाता. दुसरा शब्द सापडेल 'चान्क्ला'. तो रबरी, बाथरूमच्या चपलेला आहे, आणि लॅटिन घरांत आई चिडली की पोरांवर भिरकावते ती हीच, यावर तिकडे विनोदांचा पाऊस आहे. 2019 साली महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून मानांकन मिळालेल्या हातच्या वस्तूला 'चान्क्ला' म्हणणं म्हणजे कारागिराची थट्टा. 'सान्दालियास दे कुएरो एचास आ मानो' लिहा, आणि पुढे कोल्हापुरी हे नाव तसंच ठेवा. मेक्सिकोत चामड्याच्या देशी चपलेला 'उआराचे' म्हणतात, ग्राहकाला समजवायला तो शब्द बोलताना छान उपयोगी पडतो. पण लेबलवर नको. ती त्यांची वेगळी कारागिरी आहे. चामड्याला लॅटिन अमेरिकेत 'कुएरो', स्पेनच्या दुकानांत पुष्कळदा 'पिएल'. 'हाइड', 'स्किन', 'लेदर' यात अडलात तर कमावलेलं चामडं की कच्चं कातडं एवढं विचारा, बाकी आपोआप सुटतं.

आता दिसायला सारखे पण आत वेगळे अशा शब्दांबद्दल. यांची यादी कुठेही मिळते, म्हणून फक्त पैशाला झळ लावणारे सांगतो. 'इव्हेंच्युअली' म्हणजे शेवटी होणारच. स्पॅनिश 'एबेन्तुआल्मेन्ते' म्हणजे झालं तर होईल. पेमेंटबद्दलच्या वाक्यात हा बदल किती महाग पडेल ते सांगायला नको. 'ॲक्च्युअल कॉस्ट' म्हणजे प्रत्यक्षात आलेला खर्च, तो 'रेआल'. 'आक्तुआल' म्हणजे सध्याचा. 'कॉम्प्रोमाइज' म्हणजे दोघांनी थोडं थोडं सोडणं; 'कोम्प्रोमिसो' म्हणजे शब्द देणं, बांधून घेणं. किमतीवर तडजोड करायला तयार आहोत असं लिहायला जाऊन तुम्ही बांधिलकी लिहून बसाल. आणि 'बिलियन'ला 'बियोन' कधीही करू नका. बिलियन म्हणजे आपला अब्ज, त्यांचे 'मिल मियोनेस'. त्यांचा 'बियोन' म्हणजे एक लाख कोटी.

याहून अवघड म्हणजे खास आपलं भारतीय इंग्रजी, ज्याची यादी परदेशी पुस्तकांत नसते. 'काइंडली रिव्हर्ट' म्हणजे आपल्या लेखी उत्तर द्या. स्पॅनिश 'रेबेर्तिर' म्हणजे केलेलं उलटवणं, म्हणून 'रेस्पोन्देर' लिहा. 'कन्साइनमेंट' आपण कुठल्याही मालाच्या खेपेला म्हणतो. 'कोन्सिग्नासिओन' म्हटलं की व्यापाऱ्याला वाटतं, माल ठेवायचा आणि विकला गेला की पैसे द्यायचे. कोलंबियात तर त्याचा अर्थ बँकेत पैसे भरणं असाही होतो. खेप निघाली एवढंच सांगायचं असेल तर 'एन्बीओ' किंवा 'एम्बार्के'. मराठीत 'खेप' म्हणून बघितलंत तर 'कोन्सिग्नासिओन' तुमच्या मनात येणारच नाही. एक शब्द मात्र उलट्या बाजूने आपल्या मदतीला येतो. 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की इंग्रज नाक मुरडतो, पण स्पॅनिशमध्ये 'तेंगो उना दुदा' म्हणजे अगदी तेच, मला एक शंका आहे.

क्वालिटी मॅन्युअल करत असाल तर 'शॅल' आणि 'शुड' मिसळू देऊ नका. आयएसओ 9001 या गुणवत्ता मानकाच्या स्पॅनिश आवृत्तीत सक्तीला 'देबे' आणि शिफारशीला 'देबेरीआ' असं ठरलेलं आहे. 'मे' आणि 'कॅन' या दोघांनाही 'पुएदे'. मुभा आहे की शक्य आहे हे वेगळं दाखवायचं असेल तर 'से पेर्मिते' किंवा 'एस पोसिब्ले' असं उलगडून लिहा. मराठीचा एक धोका इथेही आहे: सरकारी मराठीत "अर्ज सादर करावा" हा हुकूम असतो, म्हणून 'करावे' पाहून 'देबेरीआ' लिहायला जाऊ नका. 2015 च्या आवृत्तीतले 'मेन्टेन' आणि 'रिटेन' पण असेच. पहिला कार्यपद्धतीसारख्या, अद्ययावत ठेवायच्या कागदाला, तो 'मान्तेनेर'. दुसरा पुरावा म्हणून जपायच्या नोंदीला, तो 'कोन्सेर्बार'. दोन्हीला मराठीत 'ठेवणे' म्हटलंत तर फसाल. 'चालू ठेवणे' आणि 'जपून ठेवणे' म्हणा.

मशीन ट्रान्सलेशन वापरा, मीही वापरतो. वाक्यं गुळगुळीत येतात आणि लिंग-वचनाच्या चुका फार राहत नाहीत. पण तुमचा सुपरवायझर 'श्रिंकेज' म्हणताना पॅटर्नकडे बोट दाखवत होता की नगाकडे, हे त्या मशिनला कुठून कळणार? ते तुम्हीच विचारून यायचं, आणि इंग्रजी वाक्यातच दुरुस्त करायचं, मग मशीनला द्यायचं. "कॅव्हिटी ड्यू टू श्रिंकेज" असं लिहिलंत की 'रेचुपे'ची शक्यता वाढते.

शेवटी तुमच्या "शब्दांची यादी कशी ठेवू" या प्रश्नाबद्दल. एक्सेलमध्ये इंग्रजी आणि स्पॅनिश असे दोनच कॉलम करू नका. पहिला कॉलम मराठी, शॉपमध्ये म्हणतात तसा. दुसरा इंग्रजी. मग मेक्सिको आणि स्पेन वेगवेगळे. शक्य असेल तिथे नगाचा फोटो आणि त्यावर बाण. नवीन ग्राहकाला पहिल्याच आठवड्यात असे दहा-बारा फोटो पाठवा आणि विचारा, 'कोमो ले दिसेन उस्तेदेस आ एस्तो?', तुम्ही याला काय म्हणता? त्यांच्या शॉपमधला माणूस जे उत्तर देईल ते कुठल्याही डिक्शनरीच्या वर ठेवा. 'उस्तेदेस' लिहा, 'बोसोत्रोस' नको. ते स्पेनमध्ये मित्रांत चालतं, मेक्सिकोत कोणी वापरत नाही.